मुलुखियातला श्वास

६ नोव्हेंबर, रविवार

वही इनसाफनं आणली. शाळकरी पोरांची, पुठ्ठ्यावर बदक. म्हणाली, "रबाबचे बाबा, दिवसभर भिंतीशी भांडता. त्यापेक्षा हिच्याशी भांडा, भिंतीला जरा आराम." आजारी नवऱ्याचीही सालं काढते ही बाई.

तर लिहितो. मी शहाता, लाकडावर नक्षी काढणारा उस्ता. निम्म्या दुमयात शहराच्या दिवाणखान्यांतल्या खुर्च्या माझ्या पटाशीखालून गेल्यात. उन्हाळ्यात माझं आतडं फुटलं. डॉक्टरांनी तेवढं कापून काढलं आणि पोटावर पिशवी लावली. पिशवी काढून आतडं परत जोडायचं ऑपरेशन अजून राहिलंय. तेवढ्यात जखमेत पू झाला आणि परत याच दवाखान्यात येऊन पडलो. मोठ्या वॉर्डात होतो तोवर बरं होतं. इनसाफ माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. पिशवी तीच रिकामी करायची, नर्सला हात लावू द्यायची नाही.

काल मला उचलून या एकट्या खोलीत टाकलं. दारावर पिवळा कागद चिकटवला. डॉक्टर लबीब आले. तरुण माणूस, शेजारच्या मन्सूरा शहराचा आहे, पण सरळ आहे. म्हणाले, माझ्या आतड्यात एक जंतू सापडलाय आणि तो औषधांना भीक घालत नाही.

"म्हणजे मला आणखी एक रोग?"

"रोग नाही. तो नुसता बसलाय तिथे."

"मग बसू द्या की. पाहुणा आहे."

"उस्ता, हा पाहुणा जखमेत किंवा रक्तात शिरला, तर त्याला हाकलायला आमच्याकडे एखाददुसरंच औषध उरतं. तेही लागू पडेलच असं नाही. आणि तो हातांवरून, भांड्यांवरून दुसऱ्या पेशंटकडे जातो. म्हणून ही खोली."

मला कळलं. लाकडातली कीड. खुर्ची वर्षानुवर्षं छान उभी असते, मग एक दिवस जाड पाहुणा बसतो आणि पाय मोडतो. डॉक्टरांनी विचारलं, आजवर अँटिबायोटिकं किती घेतलीत? म्हटलं, मोजतो कोण! शिंक आली की गल्लीतला औषधवाला तीन औषधं एका सुईत ओढून टोचायचा आणि आम्ही दुपारी परत कामावर. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

इनसाफनं रबरी हातमोजा घालून माझ्या कपाळाला हात लावला तेव्हा मात्र मला रडू आलं. तिला सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज धमाल झाली. मिस करीमा, म्हणजे इथली मुख्य नर्स, हिनं इनसाफला रंगेहाथ पकडलं. इनसाफ माझ्या ताटात उरलेला भात खात होती.

"इनसाफखाला! ते खाऊ नका! किती वेळा सांगायचं, या खोलीत जेवायचं नाही!"

"जेवत कुठाय? नवऱ्याच्या ताटातलं संपवतेय. अन्न टाकलं तर वर जाऊन उत्तर मला द्यायचंय, तुला नाही."

"कधीपासून खाताय असं?"

"लग्न झाल्यापासून."

"मोठ्या वॉर्डातही?"

"तिथे काय देव वेगळा होता?"

करीमा मटकन खुर्चीवर बसली. त्याच वेळी इनसाफच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला. आमच्याकडे पडलेली भाकरी तशीच टाकत नाहीत. तिनं तुकडा उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि खाऊनही टाकला. करीमा अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतून माणूस धावत आला.

खरं सांगायचं तर मी भात मुद्दाम उरवतो. लग्नाच्या पहिल्या महिन्यात ही लाजून माझ्यासमोर जेवायचीच नाही, म्हणून मी ताटात चार घास ठेवून उठायचो. तेव्हापासूनची सवय. तिला वाटतं मला भूक कमी आहे. वाटू दे.

१२ नोव्हेंबर, शनिवार

समुद्रावर आलेली गर्दी आपापल्या गावी परतली असेल. या दिवसांत रास अल-बर मोकळं होतं. दर वर्षी उन्हाळी पाहुणे गेले की आम्ही दोघं तिथे जातो. नाईल नदी जिथे समुद्राला मिळते त्या दगडांवर बसतो, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया खातो आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाही. आज तिला म्हटलं, यंदा चुकलंच. ती म्हणाली, "समुद्र काय कुणी पळवून नेतोय? ऑपरेशन होऊ दे, मग जाऊ."

आज ती सारखी उठत होती, बाथरूमला गेली आणि आली, गेली आणि आली. अंगावर शाल. म्हटलं, खोली एवढी गरम, शाल कशाला? म्हणे, "वय झालं, थंडी वाजते." तिची साखर आधीच जास्त आहे. बोललो तिला, की गोड खात असशील माझ्या मागे. तिनं शाल आणखी घट्ट ओढली. हे काही बरं लक्षण नाही, ही बाई भांडत नाही म्हणजे नक्कीच गोड खाल्लं असणार.

१४ नोव्हेंबर, सोमवार

इनसाफ काल आली नाही, आजही नाही. रबाब आली, आमची लेक. म्हणते, अम्मीचे गुडघे धरलेत, जिने चढवत नाहीत. इथे लिफ्ट आहे. तसं म्हटल्यावर म्हणाली, "लिफ्टची भीती वाटते तिला." आजवर वाटली नव्हती.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

डब्यात मुलुखियाची पालेभाजी आली. हिरवीगार, दाट, वर लसूण-धण्याची फोडणी दिसत होती. पहिला घास घेतला आणि चमचा ठेवला.

"ही तुझ्या अम्मीनं केलेली नाही."

"तिनंच केली बाबा."

"खोटं बोलू नकोस. श्वास नाहीये हिच्यात."

रबाब हसली, पण तोंड फिरवून. आमच्या घरी मुलुखियावर फोडणी ओतताना इनसाफ मोठ्यानं, घाबरल्यासारखा श्वास आत ओढते. हाऽऽ! शेजारीण दचकेल असा. तिची आई तसं करायची, आजी करायची. मी म्हणायचो, हा काय मूर्खपणा! पण त्या श्वासाशिवाय ती भाजी म्हणजे नुसता हिरवा चिकट पाला, हे मला आज कळलं. रबाब नव्या जमान्याची, ती फोडणी ओतताना फोनवर बोलत असणार.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. पण रबाब माझी लाडकी आहे, तरी मीठ अळणीच लागलं.

मी भात उरवला. करीमानं तो पिवळ्या पिशवीत टाकला.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

इनसाफचा फोन आला. आवाज खोल गेलेला. घसा बसलाय म्हणाली. मी जरा लागटच बोललो.

"गुडघे, घसा, उद्या कान. सरळ सांग ना, त्या जंतूला घाबरलीस."

ती हसली, मग खोकली. "हो, घाबरले. तुम्ही तरी औषध वेळेवर घ्या."

"माझ्या औषधाची काळजी घरी बसून?"

"घरी बसून," ती म्हणाली. मागे चाकांच्या गाडीचा खडखडाट ऐकू आला. विचारलं, काय ते? म्हणे, भाजीवाला. आमच्या गल्लीतला भाजीवाला गाढवाच्या पाठीवर भाजी आणतो, गाडी नाही. पण असेल, नवा आला असेल.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं माझ्याही दारावरून जेवणाची गाडी खडखडत गेली. डाळीचं सूप होतं, तेही गार.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्याची बांग ऐकत पडलो होतो. आणखी एका दारावर पिवळा कागद लागलाय. बायकांच्या बाजूला, कोपऱ्यातली खोली. करीमाला विचारलं, कोण आहे? आधी सांगेना. मग एवढंच म्हणाली, "एक म्हातारी आहे. लघवीतून जंतू चढलाय. भारी हट्टी. काल पडलेली भाकरी उचलून कपाळाला लावत होती, मी हिसकावली."

ऐकून छान वाटलं. जुन्या वळणाच्या बायका अजून आहेत तर! म्हटलं, "त्यांना सांग, तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणून उस्ता शहातानं शिफा मागितली आहे. आणि हेही सांग, की दवाखान्यातल्या जमिनीवरचं खाऊ नका, इथल्या जमिनीला घरच्या जमिनीची शिस्त नाही."

एक साबण कोरून ठेवलाय, प्लास्टिकच्या चमच्याच्या टोकानं. गुलाबाची पाकळी बरी जमलीय. म्हटलं, हाही दे त्यांना. करीमा म्हणाली, "या खोलीतून काही बाहेर जात नाही."

"शब्द जातात ना?"

"शब्द जातात," ती म्हणाली आणि उगाचच माझी चादर नीट करत बसली.

१९ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं! कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या म्हणे, "दुसऱ्याला शिकवण्याआधी त्या उस्तानं स्वतःच्या ताटातला भात संपवावा."

"मी भात ठेवतो हे तिला काय माहीत?"

करीमा गोंधळली. "मीच बोलले असेन."

जिभेला धार आहे बाईच्या. इनसाफचं हिच्याशी जमलं असतं. नाहीतर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या. आज बऱ्याच दिवसांनी हसलो, टाके दुखले. मग वाईट वाटलं. बायको गुडघे धरून घरी आणि मी परक्या बाईच्या निरोपावर हसतोय. या वयात काय हे, शहाता.

पण इनसाफनं यावं ना. दारात उभं राहावं, आत नको येऊ. माझा हट्ट काय मोठा आहे? हातमोजा नसलेला तिचा हात बघायचाय. डाव्या अंगठ्यावर कढईनं पोळल्याचा डाग आहे, तो बघायचाय. इथे सगळ्यांचे हात निळे.

२१ नोव्हेंबर, सोमवार

इनसाफचा फोन नाही. रबाबनं डबा दारातच दिला, डोळे सुजलेले. नवऱ्याशी भांडली असेल. विचारलं तर म्हणे, "कांदा चिरत होते." रबाब कांदा कधी चिरते?

करीमाकडे कोपऱ्यातल्या बाईंची चौकशी केली. "ताप खूप आहे. झोपून आहेत," म्हणाली. डॉक्टर लबीब दोनदा माझ्या दारावरून पळत गेले. मला बघितलंही नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

फोन नाही. ठीक आहे. मीही करणार नाही. माणसाला स्वाभिमान असतो.

केला. बंद आहे.

त्या कोपऱ्याकडे आज कुणी मोठ्यानं बोलत नाहीये. मी खाटेवर बसूनच नमाज पढलो आणि त्या बाईसाठी दुआ मागितली. नाव माहीत नाही, म्हणून म्हटलं, या अल्ला, ती भाकरी कपाळाला लावणारी, तीच. तिच्या घरी कुणीतरी वाट बघत असेल. माझ्यासाठी मागायचं राहून गेलं, मग परत मागायचा कंटाळा आला.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

करीमा हसत आली. ताप उतरतोय म्हणाली. नवं औषध लागू पडतंय असं दिसतंय, पण अजून काही दिवस सांगता येत नाही. मला इतकं बरं वाटलं की रबाबनं आणलेल्या मश्बकातला, म्हणजे आमच्याकडच्या जिलेबीतला, तुकडा डॉक्टरांना देऊ केला. डॉक्टर म्हणाले, "कंजूष दुमयातकर खायला देतोय! एरवी तुमच्याकडे पाहुण्याला विचारतात ना, जेवणार की हलक्या पोटानं झोपणार?"

"तुम्ही मन्सूऱ्याचे लोक तर तेवढंही विचारत नाही," मी म्हटलं.

ते हसले, पण बसले नाहीत. दारात जरा उभे राहिले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. शेवटी नुसतं म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुमचं ऑपरेशन धरू या."

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज अक्षर बघू नये.

डॉक्टर लबीब आणि रबाब दोघं एकत्र आले. रबाब रडत होती. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी सगळं सांगितलं. कोपऱ्यातल्या खोलीत इनसाफ आहे.

माझ्याकडचाच जंतू. मोठ्या वॉर्डात माझं ताट, माझी पिशवी, चटई. तो तिच्या आतड्यात जाऊन बसला. साखर जास्त, लघवीला जळजळ, सांगितलं नाही कुणाला. तिथून वर चढला आणि रक्तात उतरला. सोमवारी आणि मंगळवारी ती वाचेल असं कुणालाच वाटत नव्हतं. आणि मी इथे बसून तिला टोमणे मारत होतो.

"मला सांगितलं का नाही?" मी ओरडलो. पिशवी हलली.

"तिनं शपथ घातली होती बाबा. म्हणाली, त्यांना कळलं तर नळी उपटून माझ्याकडे येतील, टाके सुटतील."

आलोच असतो. खरंच आलो असतो.

करीमा दारात उभी होती. म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, उस्ता. तुम्ही ज्या बाईसाठी दुआ मागत होता..."

ते निरोप. तो भात. गाढवा शहाता, जमिनीवरची भाकरी कपाळाला लावणारी दुमयातमध्ये दुसरी कोण असणार होती? सगळं समोर होतं. लाकडातली बारीकशी गाठ मला अंधारात बोटानं कळते आणि हे कळलं नाही.

मी तिला काय दिलं हे आठवतंय आणि ताट तसंच परत पाठवलं. प्रेमानं उरवलेला घास होता तो.

२७ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांकडे गयावया केली. एकदा दारातून बघू द्या. म्हणाले, थांबा. एकट्या खोल्या कमी पडताहेत, अपघाताचे पेशंट आलेत. प्रयोगशाळेनं तपासून सांगितलंय की आमचे दोघांचे जंतू एकच आहेत, एका घरातले. ज्यांचा जंतू एक, त्यांना एका खोलीत ठेवायला नियमाची हरकत नसते. तिचा ताप आणखी उतरला तर.

तर. या एका शब्दावर आजचा दिवस गेला.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

तिची खाट सकाळी आणली.

किती लहान झालीय. उशीत बुडालेलं तोंड, पांढरी ओढणी, आणि डोळे मात्र तेच, भांडायला तयार. मला बघून पहिलं वाक्य काय? "मिशी वाढलीय. चोरासारखे दिसताय."

मी खूप काही ठरवून ठेवलं होतं. निघालं एवढंच, "मी दिलं तुला ते, इनसाफ."

"मग?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "दुमयातकरानं फुकट दिलेली ही पहिलीच वस्तू. मी परत करणार नाही."

करीमा हसली. मी रडलो, आणि या वेळी डोळ्यात काही गेलं नव्हतं. दोन खाटांच्या मधे एक हात अंतर आहे. तिनं आपला हात पुढे केला, हातमोजा नसलेला. अंगठ्यावरचा डाग जागच्या जागी आहे.

डॉक्टरांनी साफ सांगितलंय. तिची सुई अजून आठवडाभर. माझं ऑपरेशन गुरुवारी, आणि पोट उघडलं की तो पाहुणा माझ्या रक्तात शिरणार नाही याची खात्री कुणी देत नाही. बरे झालो तरी तो दोघांच्या आत कित्येक महिने राहू शकतो. इनसाफ म्हणाली, "राहू दे. जावईसुद्धा येऊन राहतोच की."

दुपारी रबाब डबा घेऊन आली. मुलुखिया. झाकण काढलं. इनसाफनं वास घेतला आणि लेकीकडे बघितलं.

"फोडणी ओतताना श्वास घेतलास?"

रबाब खाली बघायला लागली.

इनसाफ कोपरावर उठली. रबाब म्हणाली, अम्मी, पडून राहा. ऐकते कसली. डब्यावर वाकली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून श्वास आत ओढला. हाऽऽ!

करीमा पळत आली. मागून आणखी एक नर्स ऑक्सिजनची नळी घेऊन. "काय झालं? श्वास अडकला का?" आम्ही तिघं हसतोय आणि ती बिचारी छातीवर हात ठेवून उभी. इनसाफ उशीवर पडली, घामाघूम. म्हणाली, "आता खा."

आधी करीमानं आम्हा दोघांना हात धुवायला लावले. मग मी खाल्लं. मुलुखिया तीच होती, तिच्यात काही बदल होणं शक्य नव्हतं, आणि तरी ती आमच्या घरची लागली.

भाताशी आलो आणि हात थांबला. तो सगळा भात मी भरभर संपवायला लागलो. एक दाणाही मागे ठेवायचा नव्हता मला.

"रबाबचे बाबा," ती म्हणाली, "माझा कुठाय?"

मी करीमाकडे बघितलं. जंतू एकच, आता आणखी काय होणार, असं तिचं तोंड झालं होतं. पण नर्सच्या तोंडानं ते बोलवेना तिला. ती खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली.

मी चार घास ठेवले. ताट तिच्या खाटेवर सरकवलं.